दुखणे अंगावर काढण्याचा इतिहास : सातारा-सांगलीतील सव्वाशे वर्षे (दीर्घ धागा)

१/
मराठीत एक वाक्प्रयोग आहे : ‘दुखणे अंगावर काढणे’. आजार आहे, तो स्वतःला कळतो आहे, घरच्यांनाही दिसतो आहे, तरीही वैद्याकडे वा डॉक्टरकडे न जाता दिवस ढकलणे, असा त्याचा अर्थ. एका संपूर्ण सामाजिक वर्तनाला भाषेने स्वतंत्र वाक्प्रयोग द्यावा, इतके ते वर्तन रुळलेले होते. मग दिसणारा आजार माणसे दाखवत का नाहीत? ‘अडाणीपणा’ हे त्याचे नेहमीचे उत्तर. सातारा आणि सांगली परिसराचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे उत्तर फार अपुरे वाटू लागते.

२/
प्रथम भूगोल स्पष्ट करणे आवश्यक आहे. इंग्रजी अमदानीतील सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे आज सांगली जिल्ह्यात असलेले तालुके तेव्हा साताऱ्यात होते. सांगलीत पटवर्धनांचे संस्थान होते आणि मिरजेत त्याच घराण्याची थोरली पाती व धाकटी पाती नांदत होती. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. त्यामुळे या दोन जिल्ह्यांचा आरोग्याचा इतिहास एकत्र वाचणेच योग्य ठरते.

३/
सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. पुढे हा रोग रेल्वे, बाजारपेठा आणि गावी परतणारे चाकरमानी यांच्या वाटेने दख्खनभर पसरला. मुंबई इलाख्यातील ज्या जिल्ह्यांना त्याने विशेष गांजले, त्यांत सातारा होता. या रोगाचे लक्षण ओळखण्यासाठी वैद्यकीय ज्ञानाची गरजच नव्हती. सणसणून ताप येई आणि काखेत, जांघेत किंवा मानेला गाठ उठे. घरातील लहान मुलालाही ती दिसे. तरीही लोक रोगी लपवत. कोणी माळ्यावर, कोणी शेतातल्या खोपीत, कोणी परगावच्या नातलगाकडे. लोक हट्टी आणि अंधश्रद्ध आहेत, अशी तक्रार सरकारी अधिकारी वारंवार करीत.

४/
आता तीच गोष्ट रोग्याच्या घरातून पाहू. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. त्याने सरकारला साथ रोखण्यासाठी जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. घराची झडती घेता येई, रोग्याला सक्तीने रुग्णालयात हलवता येई, त्याच्या सहवासातील माणसांना विलगीकरणाच्या छावणीत ठेवता येई. रेल्वेस्थानकांवर उतारूंची तपासणी होई आणि गाठ शोधायची म्हणजे काख व जांघ चाचपणे आलेच. चारचौघांत, परपुरुषाच्या हातून घरच्या बाईची अशी तपासणी होणे, ही त्या काळच्या कोणत्याही जातिधर्माच्या कुटुंबाला मरणापेक्षा कठीण वाटणारी गोष्ट होती.

५/
घरात रोगी सापडल्यावर जे घडे, ते तर आणखी भयंकर. घराची जमीन उकरली जाई. ऊन आत यावे म्हणून कौले उतरवली जात. भिंतींना चुना फासला जाई. अंथरूण-पांघरूण आणि कपडे जाळले जात. कुटुंब छावणीत गेले, की मागे जनावरांना वैरण कोण घालणार, पेरणी कोण करणार, उघड्या घरातील धान्याची राखण कोण करणार, हे प्रश्न उरत. म्हणजे एका माणसाची गाठ दाखवली, तर साऱ्या घराची एका हंगामाची पोटगी पणाला लागे. गाठ दाखवायची की नाही, हा निर्णय रोग्याच्या एकट्याच्या शरीराचा राहतच नसे.

६/
इतकी किंमत मोजून हाती काय लागणार होते? प्लेगवर तेव्हा एकही खात्रीचा उपचार नव्हता. गाठीचा प्लेग झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रोगी दगावत. या रोगावर खऱ्या अर्थाने चालणारी औषधे १९४० च्या दशकात आली. त्यामुळे १८९७ मध्ये रुग्णालयात जाणे म्हणजे बरे होण्यासाठी जाणे असे लोकांना वाटत नसे. तेथे गेलेला माणूस बहुधा परत येत नाही, हे ते डोळ्यांनी पाहत होते. रुग्णालयाची भीती हा त्या काळी केवळ भ्रम नव्हता. अनुभवातून काढलेला तो निष्कर्ष होता.

७/
त्यात सरकारवरील अविश्वासाची भर पडली. पुण्यातील प्लेग समितीचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड सातारा जिल्ह्याला परका नव्हता. साताऱ्यात असिस्टंट कलेक्टर असताना, वाईतील मिरवणुकीत वाद्ये वाजवण्याच्या प्रकरणात तेथील प्रतिष्ठित नागरिकांना तुरुंगात धाडणारा अधिकारी म्हणून लोक त्याला ओळखत होते. पुण्यात त्याच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांनी घरोघर झडत्या घेतल्या. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. हा प्रसंग राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. आरोग्याच्या इतिहासातही त्याला स्थान आहे, कारण दंड करणारा हात आणि औषध देणारा हात एकच असेल, तर माणसे औषधापासूनही दूर पळतात.

८/
या काळाचा घाव जनगणनेत उमटलेला दिसतो. १८९१ मध्ये सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या आसपास होती. १९०१ मध्ये ती साडेअकरा लाखांच्याही खाली आली. दुष्काळ आणि प्लेग ही त्याची दोन मोठी कारणे होत. लोकसंख्या वाढत जाण्याच्या काळात एखाद्या जिल्ह्याची दहा वर्षांत पाऊण लाखाहून अधिक माणसे कमी व्हावीत, यावरून त्या दशकाची कल्पना येते.

९/
मग लोक हातावर हात ठेवून बसले होते काय? मुळीच नाही. घरात उंदीर मरून पडू लागले, की गावेच्या गावे घरे सोडून रानात, माळावर झोपड्या बांधून राहत. साथ ओसरली, की परतत. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने उंदरांवरील पिसवांमधून प्लेग पसरतो, हे १८९८ मध्ये मांडले आणि ते मान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. त्याआधीच मेलेला उंदीर आणि येणारे मरण यांचा संबंध शेतकऱ्याने जोडला होता. जो समाज उंदीर पाहून गाव सोडतो, तो रोगाविषयी बेफिकीर आहे असे म्हणता येत नाही. रोगाला तो भीतच होता. छावणीला त्याहून अधिक भीत होता.

१०/
लसीचे उदाहरणही बोलके आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. मिरजेवरून दक्षिणेकडे जाणाऱ्या सदर्न मराठा रेल्वेच्या मार्गावरील हुबळीत १८९८ च्या साथीत हजारो लोकांनी ती टोचून घेतली. लस घेणाऱ्याला स्वतःच्या घरी झोपता येत होते, त्याची कौले उतरवली जात नव्हती. लस घेतलेली व न घेतलेली माणसे शेजारी शेजारी राहत असल्याने फरकही लोकांना दिसत होता. जेथे उपायाची किंमत कमी आणि फळ डोळ्यांसमोर होते, तेथे तेच ‘अडाणी’ लोक रांगा लावत होते.

११/
मुंबईत निरनिराळ्या जातिजमातींना आपापली प्लेग रुग्णालये काढण्याची मुभा मिळाली, तेव्हा सरकारी रुग्णालयात जाण्यास नकार देणारी माणसेही तेथे जाऊ लागली. पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय उघडले गेले. औषधे तीच होती आणि रोगही तोच होता. फरक इतकाच, की तेथे कोणाच्या हातचे पाणी मिळणार, जवळचे माणूस भेटू शकणार की नाही, मृत्यू आल्यास अंत्यविधी कोण करणार, या प्रश्नांची उत्तरे ठाऊक होती. यात जातिभेदाचा अंश होता हे नाकारण्याचे कारण नाही. विश्वास ही उपचारांइतकीच ठोस गोष्ट असते, हेही त्यातून दिसते.

१२/
सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांची अखेर याच साथीत झाली. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ हडपसर भागात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तेथे आणले. त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ही त्यागाची कथा म्हणून आपण वाचतो. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे : त्याच शहरात, त्याच आठवड्यांत, ज्या वस्तीतून शिपायाला रोगी ओढून न्यावे लागत होते, तेथून एका ओळखीच्या बाईला तो पाठीवर घेऊन जाता आला.

१३/
आता मिरजेकडे वळू. विल्यम वानलेस हा कॅनडात जन्मलेला मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आला. सांगलीत सुरुवात करून तो मिरजेत स्थिरावला. तेथे त्याने बाजारात दवाखाना चालवला आणि संस्थानाकडून मिळालेल्या जागेवर १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले. १८९७ मध्ये, म्हणजे प्लेगच्या ऐन धामधुमीत, तेथे वैद्यकीय शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. रेल्वेच्या जंक्शनमुळे पुणे, कोल्हापूर, बेळगाव या साऱ्या दिशांचे रोगी मिरजेला येऊ लागले. पुढील काही दशकांत हे गाव शस्त्रक्रियांसाठी दूरवर प्रसिद्ध झाले. १९२८ मध्ये वानलेसला ‘सर’ हा किताब मिळाला.

१४/
येथे इतिहासाच्या अभ्यासकाला अडवणारा प्रश्न उभा राहतो. ज्या मुलखातले लोक १८९७ मध्ये रुग्णालय हा शब्द ऐकून रानात पळत होते, त्याच मुलखातले लोक परधर्मीय, परदेशी डॉक्टरच्या सुरीखाली आपणहून कसे आले? याचे उत्तर परत जाणाऱ्या रोग्यात सापडते. मोतीबिंदूमुळे आंधळा झालेला म्हातारा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून मिरजेला गेला आणि स्वतःच्या पायांनी वाट पाहत परतला, की त्या गावात रुग्णालयाची वेगळी जाहिरात करावी लागत नसे. अशा रुग्णालयांत नातेवाइकांना रोग्यापाशी राहता येई. येथे कोणी धरून आणत नव्हते आणि कोणी घर उकरत नव्हते.

१५/
मिरजेतच मीरासाहेबांचा दर्गा आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ प्लेगच्या काळात आजारी अवस्थेत मिरजेला आले, दर्ग्यात गायले आणि बरे झाले, अशी आख्यायिका सांगितली जाते. पुढे ते मिरजेतच राहिले आणि उरुसातील संगीतसभा त्यांच्या स्मृतीशी जोडली गेली. एकाच गावात नवस बोलण्याची जागा आणि शस्त्रक्रियेची जागा नांदत होती. लोक एकीकडे जाताना दुसरीकडे पाठ फिरवत, असे सरसकट म्हणता येत नाही. भाषाही हेच सांगते. मराठीत देवीचा रोग देवीच्या कोपाशी जोडला गेला होता, तरी त्यावरील लस टोचण्याला लोकांनी ‘देवी काढणे’ म्हटले. श्रद्धेने उपचाराला आपल्या शब्दकोशात जागा दिली.

१६/
तरीही मिरजेला येणारे रोगी पुष्कळदा फार उशिरा येत. त्यांतील एका उशिराचे कारण मात्र विलक्षण आहे. मोतीबिंदूच्या जुन्या शस्त्रक्रियेत भिंग पूर्ण गढूळ आणि घट्ट झालेले असणे इष्ट मानले जाई. अर्धवट मोतीबिंदू काढताना त्याचे अंश डोळ्यात राहून अपाय होण्याचा धोका असे. म्हणून डॉक्टर स्वतःच सांगत : अजून पिकलेला नाही, पिकला की या. शेतकऱ्याला हा शब्द तत्काळ पटला. आंबा पिकतो, ज्वारी पिकते, तसा मोतीबिंदूही पिकतो. येथे उशीर करणे हा वैद्यकीय सल्ला होता आणि तो पाळणारा रोगी शहाणा होता.

१७/
पुढे शस्त्र बदलले. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. काही दशकांनी ते तंत्र भारतातील गावोगावच्या शिबिरांपर्यंत पोहोचले. आता मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. उलट अति पिकलेला मोतीबिंदू शस्त्रक्रियेला अवघड जातो आणि क्वचित डोळ्यातील दाब वाढवून दृष्टीच घालवतो. तरीही ‘अजून पिकला नाही’ हे वाक्य आजही माण-खटावपासून जतपर्यंतच्या घरांत ऐकू येते. नियम ज्या कारणासाठी जन्मला ते कारण संपले. आजोबांनी नातवाला दिलेला नियम मात्र टिकला, आणि त्याच्यावर आज जो अडाणीपणाचा शिक्का बसतो, तो कधीकाळी दवाखान्यातूनच घरी आला होता.

१८/
कुष्ठरोगाचा उशीर वेगळ्या जातीचा. त्याची सुरुवात त्वचेवरील फिकट, बधिर चट्ट्याने होते. चट्टा दिसतो, पण दुखत नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी मजुरी बुडवून कोण जाईल? आणि गेल्यास पुढे काय? १८९८ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात निराधार कुष्ठरुग्णाला वॉरंटाशिवाय पकडून आश्रमात ठेवता येत होते. खाद्यपदार्थ विकण्यासारखे व्यवसाय करण्यास त्याला मनाई होऊ शकत होती. मिरजेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून कुष्ठरुग्णांची सेवा करणारी संस्था होती. तेथवर जाणे म्हणजे मात्र गावासमोर आपले नाव बदलून घेणे होते. म्हणून चट्टा सदऱ्याखाली झाकला जाई आणि बोटे झडू लागल्यावरच रोगी उजेडात येई.

१९/
प्रभावी बहुविध औषधोपचार १९८१ पासून उपलब्ध झाला. वेळीच घेतल्यास विकृती न येता रोग पूर्ण बरा होतो. कायदे मात्र औषधाच्या फार मागून धावले. १८९८ चा तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानण्याची तरतूद व्यक्तिगत कायद्यांतून २०१९ मध्ये वगळली गेली. म्हणजे रोग बरा करणाऱ्या गोळ्या हाती आल्यानंतरही जवळजवळ चार दशके कायदा रोग्याच्या जोडीदाराला त्याच्यापासून सुटका देऊ करत होता. अशा काळात एखाद्या विवाहित स्त्रीने पाठीवरचा चट्टा लपवला असेल, तर तिला रोगाचे ज्ञान नव्हते असे ठामपणे म्हणणे धाडसाचे आहे.

२०/
क्षयाचीही कथा हीच. सांगली आणि मिरज यांच्यामधील वानलेसवाडी हे नाव आज अनेकांना केवळ बसथांब्यासारखे वाटते. १९२० च्या सुमारास तेथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू झाले. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मधला. त्यापूर्वी आरोग्यधामातील उपचार म्हणजे मुख्यतः विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार. महिनोन्‌महिने विश्रांती घेणे शेतमजुराला किंवा गिरणी कामगाराला परवडणारे नव्हते. शिवाय घरात क्षय आहे हे कळले, की त्या घरातील मुलींची लग्ने अडत. एकाच्या खोकल्याची किंमत बहिणींनी मोजायची, हा व्यवहार प्रत्येक घराला ठाऊक होता. म्हणून रक्त पडेपर्यंत खोकला ‘साधा’ राहत असे.

२१/
स्त्रियांच्या बाबतीत या साऱ्या अडथळ्यांच्या आधी आणखी एक उंबरठा होता. आनंदीबाई जोशी यांचे मूल जन्मानंतर दहा दिवसांत दगावले. १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात त्यांनी अमेरिकेला जाण्याचे कारण सांगितले : या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे, कारण पुरुष डॉक्टरला आजार सांगण्यापेक्षा स्त्रिया तो सोसतात. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियातून पदवी घेऊन परतल्या. सांगलीशेजारच्या कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागासाठी त्यांची नेमणूक केली होती. तेथे काम सुरू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातील स्त्रियांच्या वाट्याला येऊ शकणारी डॉक्टर अशी हुकली.

२२/
१९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी बाळंतपणातील मृत्यूंच्या संदर्भात उशिराचे तीन टप्पे मांडले : जाण्याचा निर्णय घेण्यातला उशीर, पोहोचण्यातला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. या मांडणीचे महत्त्व असे, की तिसरा उशीर पहिल्याला जन्म देतो. दवाखान्यात डॉक्टर भेटत नाही, हा अनुभव एकदा आला, की पुढच्या वेळी निघण्याचा निर्णयच लांबतो. दुष्काळी आटपाडी-जत असो वा डोंगराळ जावळी-पाटण, पहिला उशीर रोग्याच्या नावावर लिहिला जातो. दुसऱ्या आणि तिसऱ्या उशिराची नोंद मात्र बहुधा कोणाच्याच नावावर होत नाही.

२३/
आजच्या काळातील याचे सर्वांत कठोर उदाहरण याच दोन जिल्ह्यांच्या उसाच्या फडांत दिसते. दिवाळीच्या सुमारास बीड आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कृष्णाकाठी येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून आधीच ‘उचल’ घेतलेली असते आणि ती हंगामभर काम करून फेडायची असते. एक दिवस काम बुडाले, तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. पहाटे मोळ्या वाहणाऱ्या बाईचे ओटीपोट दुखते, अंगावरून जाते, हे तिला नीट ठाऊक असते. दवाखान्यात जाण्याचा दिवस मात्र खाड्याचा दिवस असतो, आणि तोही दोघांचा, कारण एकट्याने कोयता चालत नाही.

२४/
हा उशीर अखेरीस कोठे पोहोचतो? २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती आली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. आधी कित्येक हंगाम दुखणे अंगावर काढायचे आणि मग एकदाच कायमचा ‘निकाल’ लावायचा, अशा वाटेने यांतील अनेकजणी गेल्या. उपचार टाळणे आणि अनावश्यक उपचार करून घेणे या वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या गोष्टी. खाडा न पडू देण्याची धडपड दोन्हींच्या मुळाशी आहे.

२५/
आणि १८९७ पूर्णपणे मागे पडले आहे, असेही नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच साथरोग कायदा पुन्हा लागू करण्यात आला. राज्यातील सुरुवातीच्या मोठ्या रुग्णसमूहांपैकी एक सांगली जिल्ह्यातील इस्लामपुरात आढळला. विलगीकरणात ठेवलेल्यांच्या हातावर शाईचे शिक्के मारले गेले. सक्ती प्लेगच्या काळाइतकी क्रूर नव्हती आणि उपचारांची साधनेही कितीतरी पुढची होती. तरीही शिक्का, फलक आणि शेजाऱ्यांच्या नजरा यांच्या धास्तीने ताप लपवणारी माणसे पुन्हा दिसली. सव्वाशे वर्षांपूर्वी गाठ लपवणाऱ्या पणजोबांना ती ओळखत नव्हती, पण हिशेब मात्र तोच मांडत होती.

२६/
या साऱ्या प्रसंगांना जोडणारा धागा असा : आजार दाखवताना माणूस दोन प्रश्न विचारतो. दाखवल्याने मी बरा होईन का? आणि दाखवल्यावर माझे, माझ्या घराचे काय होईल? वैद्यकशास्त्राने पहिल्या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकात आमूलाग्र बदलले. प्लेग, कुष्ठरोग, क्षय, मोतीबिंदू या चारही दुखण्यांवर आज खात्रीचे उपाय आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कायदा, मजुरी, लग्नव्यवहार आणि दवाखान्यातील वागणूक यांच्या हाती राहिले, आणि ते फार सावकाश बदलले. या दोन वेगांमधल्या अंतरात माणसे मरतात.

२७/
अज्ञान हे कारण नसतेच, असा याचा अर्थ नव्हे. बधिर चट्टा धोक्याचा आहे, मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नये, ही माहिती पोहोचवावीच लागते. पण केवळ माहितीची पत्रके वाटून खाडा टळत नाही. अडाणीपणाचा ठपका ठेवण्यात एक मोठी सोयही असते. तो ठेवला, की छावणी चालवणारा, कायदा करणारा, मुकादम आणि कारखाना यांना कोणी काही विचारत नाही. १८९७ च्या अधिकाऱ्यांनी ही सोय भरपूर वापरली. ती वापरण्याचा मोह त्यांच्याबरोबर संपला नाही.

२८/
ज्या ठिकाणी उशीर कमी झाला, तेथे बहुतेक वेळा कोणीतरी सोबत गेले होते. मिरजेच्या गाडीत म्हाताऱ्याबरोबर नातू होता. मुंढव्याच्या मुलाला सावित्रीबाईंची पाठ मिळाली. २००५ पासून गावोगावी नेमल्या गेलेल्या आशा सेविकांच्या कामात आज तेच सूत्र दिसते : त्या त्याच गावच्या असतात, बाईच्या घरात थेट चुलीपर्यंत जाऊ शकतात आणि दवाखान्याच्या पायरीपर्यंत सोबत करतात. त्यांना मिळणारे मानधन मात्र आजही आंदोलनाचा विषय आहे. दुखणे अंगावर काढणाऱ्या समाजाला दोष देण्यापूर्वी, सोबत करणाऱ्यांना आपण काय देतो, याचा हिशेब मांडलेला बरा.

२९/
सातारा-सांगलीतील कित्येक घरांत प्लेगच्या वेळी रानात राहिल्याच्या, मिरजेला डोळ्यांसाठी गेल्याच्या, वानलेसवाडीला ठेवलेल्या एखाद्या चुलत्याच्या आठवणी अजून जिवंत आहेत. त्या कोणत्याही दफ्तरात नोंदलेल्या नाहीत. घरातील सर्वांत वृद्ध माणसाला ‘तेव्हा दवाखान्यात का गेला नाहीत?’ असे न विचारता ‘गेला असतात तर काय झाले असते?’ असे विचारावे आणि मिळालेले उत्तर तारीख-गावासह लिहून ठेवावे. आरोग्याच्या इतिहासाची खरी साधने त्या उत्तरांत आहेत.

(धागा समाप्त)